कादंबऱ्यांचा गोतावळा

एक कादंबरी लिहून संपली तरी तिच्यातील माणसे, गाव किंवा काळ लेखकाची पाठ सोडत नाही आणि मग त्याच ऐवजातून दुसरी, तिसरी, क्वचित विसावीही कादंबरी आकाराला येते, असे जगातील बहुतेक साहित्यांत घडलेले आहे. अशा परस्परांशी नाते सांगणाऱ्या कादंबऱ्यांना एकत्रितपणे काय म्हणावे, यासाठी मराठीत त्रयी, चतुष्टय, मालिका, चक्र, गाथा असे शब्द वापरले जातात आणि त्यांच्या जोडीला ट्रिलॉजी, सीरिज, सागा, सीक्वेल हे शब्दही आता परीक्षणांत व मलपृष्ठांवर सर्रास दिसतात. एका शब्दाच्या जागी दुसरा वापरला म्हणून काही बिघडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः यातील प्रत्येक शब्द पुस्तकांची संख्या सांगता सांगता आणखी दोन गोष्टींविषयी मत देत असतो. कथेचे पूर्णत्व एकेका पुस्तकात आहे की त्यांच्या समूहात, ही पहिली गोष्ट आणि पुस्तकांचे हे नाते कोणी जोडले, म्हणजे लेखकाने आधी ठरवून, लेखकाने मागाहून, प्रकाशकाने सोयीसाठी की वाचकांनी आपल्या समजुतीने, ही दुसरी. या दोन प्रश्नांच्या उजेडात पाहिले तर ही नावे वाटतात तितकी निरुपद्रवी राहत नाहीत.

यांपैकी सर्वांत परिचित शब्द ट्रिलॉजी हा असून त्याचा उगम कादंबरीत नाही, रंगभूमीत आहे. प्राचीन अथेन्समध्ये दायोनायसस या देवतेच्या वसंतोत्सवात शोकनाट्यांची स्पर्धा होत असे. तीन नाटककार निवडले जात आणि प्रत्येकाला तीन शोकनाट्ये व त्यांच्या शेवटी एक खट्याळ, हसवणारे सॅटिर-नाट्य सादर करावे लागे. तीन शोकनाट्यांची ती ट्रिलॉजी आणि सॅटिर-नाट्य धरून चारांची टेट्रालॉजी. या तीन नाटकांचे कथानक एकच असले पाहिजे असा नियम नव्हता. ते एका नाटककाराचे एका उत्सवातले सादरीकरण होते, एवढेच त्यांच्यातील बंधन. एस्किलस या नाटककाराने मात्र अनेकदा एकच कथा तीन नाटकांतून पुढे नेली आणि इ. स. पू. 458 मध्ये सादर झालेली त्याची 'ओरेस्टिया' ही आज संपूर्ण उपलब्ध असलेली एकमेव ग्रीक नाट्यत्रयी आहे. आज या शब्दातून सलग कथेची जी अपेक्षा केली जाते ती या एकाच अवशेषावरून बळावली असावी. तिच्या प्रभावामुळे एक गंमतशीर गैरसमजही रूढ झाला. ईडिपस व त्याच्या मुलांवरील सोफोक्लीझची तीन नाटके आज एका बांधणीत छापली जातात आणि त्यांना त्रयी म्हटले जाते. पण ती निरनिराळ्या उत्सवांसाठी, फार मोठ्या कालावधीत लिहिली गेली, त्यांपैकी कथाक्रमात शेवटी येणारे 'अँटिगनी' सर्वांत आधी लिहिले गेले आणि शेवटचे नाटक लेखकाच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. ही त्रयी सोफोक्लीझने केलेली नसून छपाईने केलेली आहे.

मराठीने ट्रिलॉजीसाठी जो शब्द निवडला तो मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. संस्कृत परंपरेत ऋक्, यजुस् आणि साम या तीन वेदांना त्रयी म्हणत. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि भगवद्गीता मिळून प्रस्थानत्रयी होते. काव्याच्या अभ्यासक्रमात भारवीचे 'किरातार्जुनीय', माघाचे 'शिशुपालवध' आणि श्रीहर्षाचे 'नैषधीयचरित' यांची बृहत्त्रयी मानली जाते, तर आयुर्वेदात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांना तेच नाव आहे. भारवी आणि श्रीहर्ष यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर असून त्यांच्या काव्यांच्या कथांचाही एकमेकींशी संबंध नाही. म्हणजे आपल्याकडील त्रयी ही लेखकाने रचलेली नसते. अध्यापकांच्या आणि अभ्यासकांच्या पिढ्यांनी ग्रंथांना शेजारी शेजारी बसवून ती सिद्ध केलेली असते. मराठी समीक्षकाने एखाद्या कादंबरीकाराच्या तीन पुस्तकांना त्रयी म्हटले की अथेन्सचा अर्थ संस्कृत शब्दाच्या अंगावर चढतो. त्यात वावगे काही नाही. तरीही जुना अर्थ अगदीच पुसला जात नाही, आणि लेखकाने कधीही जोडून न दिलेल्या तीन कादंबऱ्यांना मराठीत इतक्या सहजपणे त्रयी म्हटले जाते, याचे एक कारण हा जुना अर्थही असावा.

त्रयीची खरी गफलत होते ती खंडांशी. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत प्रसिद्ध होई आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे, जी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे लोक कादंबरी विकत न घेता वर्गणीच्या वाचनालयातून आणत. 1842 मध्ये सुरू झालेले मुडी यांचे वाचनालय यांतील सर्वांत बलाढ्य होते. वर्षाला एक गिनी भरणाऱ्या वर्गणीदाराला एका वेळी एक खंड मिळे, म्हणजे एकाच कादंबरीच्या एका प्रतीवर एकाच वेळी तीन घरे वाचन करू शकत आणि वाचनालयाचा फायदा तिप्पट होई. या हिशेबापायी लेखकांना कथानक ताणावे लागे, उपकथानके घुसडावी लागत आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी वाचकाला पुढच्या खंडाची ओढ लागेल असा प्रसंग योजावा लागे. 1894 मध्ये मोठ्या वाचनालयांनीच या पद्धतीला पाठिंबा काढून घेतला आणि ती थोड्याच वर्षांत संपली. या काळातील शेकडो कादंबऱ्या तीन पुस्तकांत आहेत, पण त्यांपैकी एकीलाही कोणी ट्रिलॉजी म्हणत नाही, कारण तेथे कादंबरी एकच असून तिचे तुकडे बांधणीने केलेले आहेत.

याच्या नेमके उलटे भाग्य जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या वाट्याला आले. लेखकाच्या दृष्टीने ते सहा अंतर्गत भागांचे एकच पुस्तक होते. परंतु महायुद्धोत्तर काळात कागद महाग असल्याने आणि एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या खपाची खात्री नसल्याने प्रकाशकाने ते 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत काढले. टॉल्किन यांनी आपली कृती त्रयी नसल्याचे पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगितले, तरी जगाने ऐकले नाही आणि आज अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणारा होतकरू लेखक तीन भागांचा आराखडा करूनच बसतो, तो बहुतांशी या गैरसमजाच्या पुण्याईने. कैरोतील नगीब महफूझ यांच्या 'कैरो त्रयी'चा जन्मही असाच आहे. 1917 ते 1944 या काळातील एका व्यापारी कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे ते प्रचंड हस्तलिखित एकसंध होते. त्याचा आकार पाहून प्रकाशक बिचकला आणि अखेरीस 1956-57 मध्ये ते तीन पुस्तके होऊन बाहेर आले. येथे मात्र फरक असा की प्रत्येक पुस्तकाला जुन्या कैरोतील एकेका वस्तीचे किंवा गल्लीचे नाव मिळाले आणि कुटुंबाचे बिऱ्हाड जसजसे पांगते तसतसा कथेचा मुक्काम बदलत जात असल्याने ही फाळणी कृतीला मानवली. प्रकाशकाच्या गरजेतून झालेली विभागणी कधी कधी लेखकाच्या हेतूइतकीच सार्थ ठरते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही 1987 मध्ये आलेली कादंबरी दोन खंडांची आहे आणि तिच्यात कोकणातील एका खोत घराण्याच्या चार पिढ्या येतात. तरीही तिला कोणी 'द्वयी' म्हणत नाही, कारण पहिला खंड मिटताना काहीही मिटलेले नसते. गुजरातीतील गोवर्धनराम त्रिपाठी यांची 'सरस्वतीचंद्र' 1887 ते 1901 या काळात चार भागांत आली, पण तीही एकच कादंबरी मानली जाते. यावरून एक साधी कसोटी निघते. मधले पुस्तक वाचनालयातून कुणी नेलेले असेल आणि बाकीची हाती असतील, तर वाचक अडतो की चालू शकतो? अडत असेल तर तो खंड. चालू शकत असेल, पण काहीतरी हरवल्यासारखे वाटत असेल तर ती त्रयीतील कादंबरी.

तीनाच्या पुढे संख्या गेली की ग्रीक शब्द बोजड होऊ लागतात आणि युरोपीय लेखक संगीताकडे वळतात. चार वाद्यांच्या मेळाला क्वार्टेट म्हणतात. तो शब्द चार कादंबऱ्यांना लावला की त्यांनी एकामागून एक येण्याऐवजी एकाच वेळी वाजावे अशी अपेक्षा तयार होते. लॉरेन्स ड्यूरेल यांच्या 'अलेक्झांड्रिया क्वार्टेट'ने (1957-60) ही अपेक्षा शब्दशः मनावर घेतली. पहिल्या तीन कादंबऱ्या जवळजवळ त्याच घटना निरनिराळ्या बाजूंनी सांगतात आणि चौथ्या कादंबरीतच काळ पुढे सरकतो. ड्यूरेल यांनी स्वतः स्थळाच्या तीन आणि काळाची एक अशा मितींचा दाखला देऊन पहिल्या तिघींना भावंडे मानले आणि चौथीलाच खरी उत्तरकथा म्हटले. पॉल स्कॉट यांच्या 'राज क्वार्टेट'मध्ये (1966-75) ब्रिटिश सत्तेचा अस्त चार कादंबऱ्यांत येतो आणि तेथेही पहिल्या पुस्तकातील एका अत्याचाराच्या घटनेकडे पुढची पुस्तके परत परत वळतात.

मराठीतला 'चतुष्टय' हा शब्द या दृष्टीने अधिक रुक्ष, पण अधिक भारदस्त आहे. त्याला संगीताचा नाद नसून शास्त्रग्रंथांचा वास आहे. अंतःकरणचतुष्टय, साधनचतुष्टय अशा वेदान्ताच्या परिभाषेत वावरणारा हा शब्द भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (1975), 'हूल' (1975), 'जरीला' (1977) आणि 'झूल' (1979) या चार कादंबऱ्यांमुळे मराठी वाचकांच्या बोलण्यात आला. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा तरुण अध्यापक मुंबई सोडून गावोगावच्या महाविद्यालयांत नोकऱ्या करत फिरतो आणि प्रत्येक गावात त्याला शिक्षणसंस्थांचे, जातींचे व मध्यमवर्गाचे नवे रूप दिसते. मुक्काम बदलतात, नायक तोच राहतो. गाव सुटले की कादंबरी सुटते. त्यामुळे 'चांगदेव चतुष्टय' हे नाव चपखल बसते, कारण येथे चारही भाग एका माणसाच्या भटकंतीचे टप्पे आहेत आणि तरीही त्यांतील कोणताही एक भाग स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. याच लेखकाची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' 2010 मध्ये आली तेव्हा तीही एका नियोजित चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून आली. म्हणजे समूहाचे नाव आधी आणि पुस्तके मागून. रशियन लेखक गोगोल याच्या 'डेड सोल्स'ची योजनाही दान्तेच्या महाकाव्याप्रमाणे तीन भागांची होती, पण 1842 मध्ये पहिला भाग निघाल्यावर दुसऱ्या भागाचे हस्तलिखित त्याने 1852 मध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, जाळून टाकले. ज्याला त्रयीचा एक तृतीयांश म्हणायचे ते पुस्तक वाचक आज संपूर्ण कादंबरी म्हणून वाचतात आणि त्यांना काही कमी पडत नाही.

पाच कादंबऱ्यांसाठी 'पंचक' हा शब्द मराठीत तयार आहे, पण पंचांगातील पंचकाची धास्ती अजून पुष्कळ घरांत असल्याने प्रकाशक तो मुखपृष्ठावर घालायला कचरला तर नवल वाटू नये. सप्तक म्हटले की पेटीचे सूर आठवतात आणि अष्टक म्हटले की रामदासांची करुणाष्टके. अशा वेळी संख्येचा नाद सोडून द्यावा, हे उत्तम. डग्लस ॲडम्स यांच्या 'हिचहायकर्स गाइड' या विनोदी विज्ञानकथेची चौथी आणि पाचवी कादंबरी निघाली तेव्हा ती 'त्रयी'तलीच म्हणून मिरवली गेली. आणि आयझॅक ॲसिमोव्ह यांची 'फाउंडेशन' ही 1951 ते 1953 मध्ये पुस्तकरूप झालेली प्रसिद्ध त्रयी 1982 पासून लेखकाने पुन्हा वाढवायला घेतली, तेव्हा तिचे त्रयीपण मुकाट्याने निघून गेले.

संख्या मागे पडून योजना पुढे येते, त्या ठिकाणी 'चक्र' हा शब्द येतो. या प्रकारातील दोन सर्वांत मोठी उदाहरणे फ्रेंच असून ती एकमेकांविरुद्ध टोकांची आहेत. ओनोरे द बाल्झाक याने आपल्या कादंबऱ्या आधी सुट्यासुट्या लिहिल्या. 1835 च्या 'पेर गोरियो'पासून त्याने जुन्या पुस्तकांतील पात्रे नव्या पुस्तकांत जाणीवपूर्वक परत आणायला सुरुवात केली आणि 1842 मध्ये या साऱ्या पसाऱ्याला प्रस्तावना जोडून 'मानवी सुखात्मिका' अशा अर्थाचे एक नाव दिले. एका कादंबरीत कोपऱ्यात उभा असलेला डॉक्टर किंवा सावकार दुसरीत मध्यवर्ती होतो आणि तिसरीत त्याचे फक्त नाव कानी येते. सुमारे नव्वद पुस्तकांत पसरलेल्या दोन हजारांहून अधिक पात्रांमुळे वाचकाला शहरात राहिल्यासारखे वाटते, जेथे ओळखीचे चेहरे अवचित भेटतात आणि त्यांची सगळी हकिकत कधीच कळत नाही. एमिल झोला याने याच्या उलट आराखडा आधी केला. फ्रान्सच्या दुसऱ्या साम्राज्याच्या काळातील एका कुटुंबाचा नैसर्गिक आणि सामाजिक इतिहास लिहायचा, त्यात आनुवंशिकतेचे नियम दाखवायचे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. योजना दहा कादंबऱ्यांची होती, पण 1871 ते 1893 या काळात 'रुगों-माकार' या नावाखाली वीस झाल्या. त्याने कुटुंबाचा वंशवृक्षही छापला. गमतीची गोष्ट अशी की ज्या शास्त्राच्या आधारावर हा समूह उभारला ते आनुवंशिकतेचे शास्त्र आज कालबाह्य झाले आहे, पण 'जेर्मिनाल'मधील खाणकामगारांचा संप ज्याने वाचला त्याला त्यातील खाणकामगार नायक वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर बसतो याची फिकीर नसते. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीचा निवेदक एका ठिकाणी बाल्झाक आणि वाग्नर यांच्याविषयी बोलताना असे सुचवतो की मागाहून सापडलेली एकता ही ओढूनताणून आणलेली नसते, उलट आधी आखलेल्या योजनेपेक्षा ती अधिक जिवंत असते. झोलाकडे पाहिले की हे मत पटते.

प्रूस्तची स्वतःची कृती सात भागांची असून 1913 ते 1927 या काळात प्रसिद्ध झाली. लेखक 1922 मध्ये वारल्याने शेवटचे तीन भाग त्याच्या पश्चात निघाले. हे चक्र नाही, सप्तकही नाही, ती एकच कादंबरी आहे. अशा अजस्र, हळूहळू वाहणाऱ्या रचनांसाठी फ्रेंच समीक्षेने 'नदी-कादंबरी' अशा अर्थाचा शब्द घडवला. त्याचे मूळ रोमां रोलां यांच्या 1904 ते 1912 मध्ये दहा भागांत आलेल्या 'जां क्रिस्तोफ'कडे नेले जाते. ऱ्हाइन नदीकाठी जन्मलेल्या एका संगीतकाराचे हे चरित्र आपल्याला नेहमी नदीसारखे दिसले, असे रोलां यांनी एका भागाच्या प्रस्तावनेत म्हटले होते. पुढे ज्यूल रोमँ यांनी 1932 ते 1946 या चौदा वर्षांत सत्तावीस भागांची कादंबरी लिहून या प्रकाराची सीमा गाठली, आणि इंग्रजीत अँथनी पॉवेल यांनी 1951 ते 1975 मध्ये बारा भागांत एकाच निवेदकाच्या पिढीचे पन्नासेक वर्षांचे आयुष्य मांडले. नदीची उपमा केवळ लांबीसाठी नाही. नदीला एकच प्रवाह असतो, तिला उपनद्या मिळतात, पण ती मागे वळत नाही; चक्रात मात्र वाचक कोठूनही शिरू शकतो. मराठीने या प्रकारासाठी अजून स्थिर शब्द स्वीकारलेला नाही; 'महाकादंबरी' म्हटले जाते, पण त्यातून फक्त जाडी कळते.

'सागा' या शब्दाची कथा अधिक रंजक आहे. आइसलँडमध्ये तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या गद्य कथांना सागा म्हणतात. शब्दाचे मूळ 'सांगणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि या कथांत वस्ती करायला आलेल्या घराण्यांची भांडणे, खटले व सूड कोरड्या, अलिप्त शैलीत सांगितलेले असतात. जॉन गॉल्सवर्दी यांनी लंडनमधील एका धनिक, मालमत्तेला जपणाऱ्या घराण्यावरच्या आपल्या तीन कादंबऱ्या 1922 मध्ये एकत्र करून 'द फॉरसाइट सागा' असे नाव दिले, आणि प्रस्तावनेत हा वीरांचा शब्द अशा सुखवस्तू माणसांना लावण्यात उपरोध असल्याचे सूचित केले. उपरोध लवकरच विसरला गेला. आज अनेक पिढ्यांची कोणतीही कौटुंबिक कादंबरी सागा म्हणून विकली जाते.

मराठीत सागाचा अनुवाद बहुधा 'गाथा' असा केला जातो आणि तो, शब्दांच्या मुळांकडे पाहता, उलटा आहे. गाथा म्हणजे गायची गोष्ट; हालाची 'गाथासप्तशती' असो वा तुकोबांची गाथा, तेथे पद्य आहे, कथा नाही, पिढ्या तर मुळीच नाहीत. आइसलँडी सागाच्या जवळचे मराठी गद्य शोधायचे तर ते 'बखरी'त सापडेल, कारण बखरीत घराणी आहेत, लढाया आहेत, ऐकीव वार्ता आहे आणि सांगणाऱ्याचा कोरडा, खणखणीत स्वर आहे. त्याहून घरगुती शब्द 'कुलवृत्तांत' हा. मूळ पुरुषापासून आजवरच्या शाखा, स्थलांतरे, दत्तके आणि विवाह नोंदवणारे कुलवृत्तांत महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांनी वर्गणी काढून छापले आहेत, आणि रंगनाथ पठारे यांनी 2019 मध्ये आपल्या अनेक शतकांना कवेत घेणाऱ्या कादंबरीला 'सातपाटील कुलवृत्तांत' असे नाव दिले तेव्हा या नोंदवहीच्या शब्दाला त्यांनी वाङ्मयात मानाची जागा दिली. बंगालीत आशापूर्णा देवी यांच्या 'प्रथम प्रतिश्रुती' (1964), 'सुवर्णलता' (1967) आणि 'बकुलकथा' (1974) या कादंबऱ्यांत आजी, आई आणि नात यांच्या आयुष्यांतून बंगाली स्त्रीचा इतिहास येतो. त्यांना त्रयी म्हणतात. पण वंश मुलीकडून मुलीकडे चालवणारा हा वृत्तांत कुठल्याही छापील कुलवृत्तांतात बसणारा नाही, हे लक्षात घेतले तर तिची धार अधिक जाणवते.

काही समूहांना बांधणारी गोष्ट माणूस किंवा वंश नसून जागा असते. टॉमस हार्डीचे वेसेक्स, फॉकनरची योक्नापटॉफा काउंटी, आर. के. नारायण यांचे मालगुडी ही गावे-परगणे कादंबऱ्यांचे आडनाव बनून गेले. किरण नगरकर यांच्या 'रावण अँड एडी' (1995), 'द एक्स्ट्राज' (2012) आणि 'रेस्ट इन पीस' (2015) या इंग्रजी त्रयीचा उगम मुंबईतील एका चाळीत आहे, जिच्या एका मजल्यावर मराठी हिंदू आणि दुसऱ्यावर गोव्याकडचे कॅथलिक राहतात. पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकांत सतरा वर्षांचे अंतर असूनही चाळ त्यांना सोडत नाही. कधी समूहाचे नाव केवळ एका अडचणीतून येते: सर वॉल्टर स्कॉट यांनी 1814 मध्ये 'वेव्हर्ली' निनावी छापली आणि पुढच्या कादंबऱ्यांवर 'वेव्हर्लीचा लेखक' एवढीच ओळख घातली, त्यामुळे कथेने परस्परांशी संबंध नसलेल्या त्या सर्व 'वेव्हर्ली कादंबऱ्या' झाल्या. मराठीत हरिभाऊ आपट्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांवर 'आजकालच्या गोष्टी' असा मथळा घातला, तेव्हा त्यांना बांधणारी दोरी वर्तमानकाळ हीच होती. ऐतिहासिक बाजूला वि. वा. हडपांची 'कादंबरीमय पेशवाई' आणि गो. नी. दांडेकरांच्या पाच कादंबऱ्यांचे 'कादंबरीमय शिवकाल' या नावांत कालखंडच घराण्याचे नाव झाला आहे.

उरला 'मालिका' हा शब्द, ज्याच्यावर मराठीने सर्वांत जास्त ओझे टाकले आहे. प्रकाशकाची ग्रंथमाला, हेरकथांची मालिका आणि दूरचित्रवाणीवरील रोजची मालिका या तिन्ही गोष्टी त्यात कोंबल्या जातात. कादंबऱ्यांपुरते बोलायचे तर मालिका आणि सलग कथा यांतील फरक नायकाच्या वयावरून ओळखता येतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात तसेच राहतात. बनेश फेणे शाळेतून बाहेर पडत नाही आणि वाचकालाही ते नको असते. कोणतेही पुस्तक आधी वाचावे, काही बिघडत नाही. या प्रकारात स्मरणशक्तीला फार महत्त्व नसते, इतके की शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत वॉटसनला खांद्यात लागलेली गोळी दुसरीत पायात जाऊन बसते आणि कॉनन डॉइल यांना त्याचा पत्ताही नसतो. होम्सला 1893 मध्ये मारून टाकल्यावर दहा वर्षांनी त्याला परत जिवंत करावे लागले, कारण मालिकेचा नायक लेखकाच्या मालकीचा उरलेला नसतो.

पुढची कथा लिहिण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न याहून जुना आहे. 'दोन किहोते'चा पहिला भाग 1605 मध्ये आला. 1614 मध्ये दुसऱ्याच कोणी टोपणनावाने बनावट दुसरा भाग काढला. आणि 1615 मध्ये सर्व्हांतेसने खरा दुसरा भाग लिहिला तेव्हा त्यातील पात्रेच त्या बनावट पुस्तकाची टिंगल करतात. सीक्वेलला मराठीत 'उत्तरकथा' हा शब्द उपलब्ध आहे आणि तो भवभूतीमुळे प्रतिष्ठितही आहे: त्याच्या 'महावीरचरिता'त रामाचे पूर्वायुष्य आणि 'उत्तररामचरिता'त राज्याभिषेकानंतरचे आयुष्य येते, पण दुसऱ्या नाटकाने पहिल्याला इतके झाकोळून टाकले की ती जोडी होती हेही बहुतेकांना ठाऊक नसते. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (1952) नंतर कित्येक वर्षांनी 'गारंबीची राधा' आली तेव्हा उलट घडले; उत्तरकथा मूळ कथेच्या सावलीतच राहिली. कथेच्या आधीचे नंतर लिहिले जाते त्या प्रीक्वेलला 'पूर्वकथा' म्हणता येईल. जीन ऱ्हिस यांच्या 'वाइड सारगासो सी' (1966) या कादंबरीने शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोचे आधीचे आयुष्य लिहिले, आणि एकशे एकोणीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या लेखिकेच्या कादंबरीचे वाचन कायमचे बदलून टाकले.

या नावांत मराठीने स्वतः घडवलेला एक शब्द विशेष उल्लेखनीय आहे आणि तो पुन्हा रंगभूमीवरचाच आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या विदर्भातील देशपांडे घराण्यावरील नाटकांना 'त्रिनाट्यधारा' म्हटले जाते. या एका शब्दात संख्याही आली, नदीही आली आणि पिढ्यांची घसरणही. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनी ही तिन्ही नाटके एका दिवशी सलग सादर केली तेव्हा अथेन्सच्या उत्सवाची पद्धत, कदाचित नकळत, मराठी रंगमंचावर आली. समूहाची संख्या माध्यम बदलले की बदलते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी अपूच्या दोनच कादंबऱ्या लिहिल्या, 'पथेर पांचाली' आणि 'अपराजितो'. सत्यजित राय यांनी 1955 ते 1959 या काळात त्यांचे तीन चित्रपट केले आणि जगाला 'अपू त्रयी' मिळाली.

या सर्व शब्दांच्या मुळाशी जो शब्द आहे, तो 'कादंबरी', मराठीत एका पुस्तकाच्या नावावरून आला. सातव्या शतकातील बाणभट्टाने 'कादंबरी' अर्धवट सोडून देह ठेवला आणि त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. हस्तलिखितांतून आणि छापील आवृत्त्यांतून बापाचा तो पूर्वभाग आणि मुलाचा तो उत्तरभाग अशी ओळख चालत आली. पंडितांनी पूर्वभागावर टीका लिहिल्या, उत्तरभागाला नाके मुरडली, पण त्याच्याशिवाय पुस्तक छापण्याचे धाडस सहसा कोणी केले नाही.